इतिहास दाखवायचा की दिपवायचा?

१५ ऑगस्ट, १९ डिसेंबर, २६ जानेवारी, १८ जून... वर्षातून चार वेळा आमच्या शाळांना इतिहासाची हटकून आठवण होते. झेंडावंदन, प्रभातफेरी, पाहुण्यांचे भाषण आणि शेवटी खाऊ हा क्रम आपण सगळ्यांनीच अनुभवलेला आहे. गेल्या काही वर्षांत त्यात एका नव्या विधीची भर पडली आहे. वर्गात स्मार्ट बोर्ड आले, सभागृहात प्रोजेक्टर आला, आणि भाषणानंतर मुलांना एक 'देशभक्तीपर लघुपट' दाखवला जाऊ लागला.

कल्पना चांगलीच आहे. इतिहास म्हणजे सनावळ्यांचे पाठांतर अशी जी या विषयाची बदनामी झाली आहे, ती पुसायची तर चित्र आणि आवाज यांच्याइतके प्रभावी साधन दुसरे नाही. दहा-बारा मिनिटांचा लघुपट शाळेच्या एका तासात बसतो, आणि पुढे बोलायलाही वेळ उरतो. म्हणून लघुपटातून इतिहास शिकवावा की नाही, या वादात मला पडायचे नाही. शिकवावाच. प्रश्न आहे तो आपण काय दाखवतो आणि दाखवून झाल्यावर काय करतो, याचा.

अशा दिवशी दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक चित्रफितींचा साचा एकच असतो. आधी काळोख, मग ढोलाचा ठोका, मग भारदस्त आवाजातले निवेदन. आकाशातून टिपलेला एखादा किल्ला, दोन-चार थोर पुरुषांची छायाचित्रे, संथ गतीने फडकणारा तिरंगा आणि टिपेला पोचलेले संगीत. अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. पण बाहेर पडणाऱ्या मुलाला विचारा, काय पाहिलेस? 'छान होते' याच्यापलीकडे तो काही सांगू शकत नाही. कारण त्याला सांगण्यासारखे काही दिलेलेच नसते. त्याला दिपवलेले असते, दाखवलेले काही नसते. भावना जागवणे हे काम गाणे करते, नाटक करते, आणि ते वाईट नाही. पण त्याला इतिहास शिकवणे म्हणू नये. 'हे असे घडले' यापाशी न थांबता 'हे असे घडले हे आपल्याला कशावरून कळले' इथवर मुलाला नेले, म्हणजे इतिहास शिकवला. ज्या लघुपटात या 'कशावरून'ला जागा नाही, तो कितीही देखणा असला तरी इतिहासाच्या तासाला उपयोगाचा नाही.

खरे तर मराठी माणसाला या माध्यमाची नवलाई वाटण्याचे कारण नाही. ते आपल्या घरातलेच आहे. केंब्रिजचे सिनिअर रँग्लर होऊन परतलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे डिसेंबर १९०१ मध्ये मुंबईच्या बंदरात उतरले, तेव्हा हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा कॅमेरा घेऊन तिथे हजर होते. या देशात एका भारतीयाने केलेले ते पहिले वार्ताचित्र मानले जाते. पुढे दहा-अकरा वर्षांनी दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एक अगदी छोटी चित्रफीत तयार केली होती. कुंडीत वाटाणा पेरला, त्यासमोर कॅमेरा रोखला आणि ठरावीक वेळाने एकेक चौकट टिपत राहिले. पडद्यावर ती फीत चालवली, तेव्हा बीज फुटून त्याचा वेल झालेला लोकांनी डोळ्यांदेखत पाहिला. पुढच्या चित्रपटाला भांडवल मिळावे म्हणून केलेला तो प्रयोग होता. पण मला विचाराल तर इतिहासाच्या शिक्षकाने डोळ्यांसमोर ठेवावा असा याहून चांगला नमुना नाही. त्यात निवेदन नाही, संगीत नाही. एक गोष्ट आहे आणि काळ जाता जाता ती कशी बदलत गेली, ते दिसते आहे. इतिहास म्हणजे तरी दुसरे काय?

स्वातंत्र्यानंतर हे काम सरकारने हाती घेतले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन सुरू झाले. चित्रपटगृहात मुख्य चित्रपटाआधी वार्ताचित्र किंवा माहितीपट दाखवणे बंधनकारक होते. पन्नाशी-साठी उलटलेल्या वाचकांना तो काळ आठवत असेल. मराठीसह अनेक भाषांत हे माहितीपट निघत. धरणे, पोलाद कारखाने, लोकनृत्ये, लेणी, पुढाऱ्यांचे दौरे असे सगळे त्यात असे. त्यातले काही उत्तम होते, हे आज मागे वळून पाहताना कळते. पण त्या वेळी बरेचसे प्रेक्षक 'रीळ संपू दे, मग आत जाऊ' म्हणून बाहेर विडी ओढत उभे राहत. बंधनकारक केलेली देशभक्ती अशीच बाहेर उभी राहते. शाळेच्या सभागृहातल्या मुलांना बाहेर जायची सोय नाही, एवढाच फरक. २०२२ मध्ये फिल्म्स डिव्हिजनचे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीनीकरण झाले. आठ हजारांहून अधिक चित्रपटांचा तो ठेवा हे या देशाचे मोठे धन आहे, आणि त्यातले शाळेच्या कामाचे निवडून काढणे हे एका पिढीला पुरेल एवढे काम आहे.

त्याच फिल्म्स डिव्हिजनच्या काळातली दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. पहिले 'एक अनेक और एकता'. १९७४ सालचा हा सात मिनिटांचा अॅनिमेशनपट विजया मुळे यांनी घडवला, आणि त्यातली चित्रे हलती केली भीमसेन यांनी. दूरदर्शनवर तो इतक्या वेळा लागला की एका अख्ख्या पिढीला तो तोंडपाठ आहे. त्यात काय आहे? एक लहान मुलगा विचारतो, 'अनेक' म्हणजे काय? ताई सांगू लागते. पारध्याचे जाळे घेऊन उडणाऱ्या पाखरांची जुनीच गोष्ट. राष्ट्रीय एकात्मता हा सरकारी फायलीतला शब्द सात मिनिटांत पोराच्या हातात खेळण्यासारखा येतो. कारण एका वेळी एकच कल्पना घेतली आहे, आणि सुरुवात उत्तराने नाही तर प्रश्नाने झाली आहे. प्रश्न विचारणारे मूल पडद्यावर असले की पडद्यासमोरच्या मुलालाही प्रश्न विचारायचे धैर्य येते.

दुसरे उदाहरण सत्यजित राय यांच्या 'रवींद्रनाथ टागोर' या १९६१ सालच्या माहितीपटाचे. तो ५४ मिनिटांचा आहे, म्हणजे लघुपटाच्या व्याख्येत जेमतेम बसणारा. त्याची सुरुवात जन्मापासून होत नाही. ती होते १९४१ साली कलकत्त्यात निघालेल्या कवीच्या अंत्ययात्रेच्या मूळ दृश्यांनी. माणसांचा तो समुद्र पाहिला की आपोआप मनात येते, हा माणूस होता तरी कोण? मग राय मागे जातात. बालपणाची दृश्ये त्यांनी नटांकडून करवून घेतली आहेत, उत्तरायुष्यासाठी छायाचित्रे, हस्तलिखिते आणि मूळ चित्रण वापरले आहे. मूळ कोणते आणि अभिनीत कोणते, हा धडाच त्या एका चित्रपटावरून वर्गात देता येईल.

आणि हा धडा आज फार गरजेचा झाला आहे. १९१७ च्या रशियन क्रांतीला दहा वर्षे झाली, तेव्हा आयझेनस्टाईनने 'ऑक्टोबर' नावाचा चित्रपट केला. त्यात हिवाळी राजवाड्यावरचा हल्ला आहे. हजारो माणसे जमवून केलेले ते भव्य दृश्य. प्रत्यक्षातला हल्ला त्या मानाने बराच लहान होता, आणि त्याचे चित्रण कोणी केलेले नव्हते. पण पुढे त्या चित्रपटातली दृश्ये पुस्तकांतून, प्रदर्शनांतून खरी छायाचित्रे म्हणून छापली गेली. जगभरच्या लोकांच्या डोळ्यांसमोर क्रांतीचे जे चित्र आहे, ते क्रांतीनंतर दहा वर्षांनी रचलेले आहे. हे घडवायला तेव्हा एक प्रतिभावान दिग्दर्शक आणि सरकारचा खजिना लागला. आज एखाद्या पोराच्या हातातला मोबाईल पुरतो. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जोरावर जुन्या, ओरखडे पडलेल्या फितीसारखी दिसणारी 'ऐतिहासिक' दृश्ये चुटकीसरशी तयार होतात आणि व्हॉट्सअॅपवरून घरोघर पोचतात. जी घटना कोणी चित्रित केली नाही, तिचेही चित्रण आता 'सापडते'. अशा काळात मुलाला केवळ चित्र दाखवून भागणार नाही. चित्राकडे संशयाने पाहायलाही शिकवावे लागेल. ते शाळेने नाही शिकवले तर कोण शिकवणार?

आता आपल्या गोव्याकडे येतो.

राष्ट्रीय इतिहासाच्या पुस्तकांत गोव्याच्या वाट्याला मोजक्या ओळी येतात. १५१० मध्ये पोर्तुगीज आले, १९६१ मध्ये गेले. मधल्या साडेचारशे वर्षांत इथले लोक काय करत होते, याचा पत्ता नाही. बाहेरून येणाऱ्या चित्रफितींतही तेच. त्यामुळे होते काय, की राष्ट्राचा इतिहास म्हणजे दिल्ली, मेरठ, अमृतसर, दांडी इथे घडलेली गोष्ट, आणि आपण तिचे प्रेक्षक, अशी समजूत मुलाच्या मनात घट्ट होते. मडगावच्या ज्या मैदानाजवळून तो रोज शाळेला जातो, तिथे १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया सभाबंदी मोडून बोलायला उभे राहिले आणि रोखलेले पिस्तूल त्यांनी हाताने बाजूला सारले, हे त्याला 'आपल्या गावची गोष्ट' म्हणून माहीत असेलही. पण देशाच्या इतिहासाशी त्याचे नाते आहे, हे कोणी जोडून दाखवलेले नसते. पत्रादेवीच्या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोळ्या झेलणारे सत्याग्रही पंजाबातून, मध्य भारतातून, महाराष्ट्रातून आले होते. ते आमच्यासाठी आले होते. राष्ट्र म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला पाठ कुठला असेल? आणि तो आमच्या उंबरठ्यावर आहे.

म्हणून माझे म्हणणे असे की आम्हाला आमचे लघुपट हवेत. पाहुण्यांचे स्वागत करणारे, समुद्रकिनारे आणि सूर्यास्त दाखवणारे नव्हेत. ते पुष्कळ आहेत. इतिहासाच्या तासाला लावता येतील असे, दहा मिनिटांचे, एकेका प्रश्नाभोवती विणलेले. विषयांची वाण आहे का? चार सांगतो.

सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या काठी पणसायमळ इथे जांभ्या दगडावर कोरलेली चित्रे आहेत. १९९३ मध्ये ती अभ्यासकांच्या नजरेला आली, आणि ती दाखवणारे होते तिथले गुराखी. बैल आहेत, हरणे आहेत, माणसांच्या आकृत्या आहेत, आणि चक्रव्यूहासारखी एक वर्तुळांची आकृती आहे. ती किती जुनी, यावर तज्ज्ञांचे एकमत नाही. लघुपटाने हे मतभेद लपवू नयेत. उलट तेच दाखवावेत. दगडावरच्या रेषेचे वय कसे ठरवतात, का ठरवता येत नाही, वेगवेगळे अभ्यासक वेगवेगळे काय म्हणतात. 'हजारो वर्षांपूर्वीचा आमचा वैभवशाली वारसा' असे म्हणून मोकळे होण्यापेक्षा हे कितीतरी रंजक आहे.

दुसरा विषय तांबडी सुर्लच्या महादेवाचा. कदंबकाळातले हे देऊळ सगळ्या गोव्याने सहलीत पाहिलेले आहे. पण भोवती सगळा जांभा असताना देऊळ मात्र काळ्या बसाल्टचे आहे. मग हा दगड आला कुठून? कसा आणला? एवढा एकच प्रश्न घेऊन दहा मिनिटे काढता येतील. आणि पुढच्या सहलीला गेलेला मुलगा देवळाकडे पाठ करून सेल्फी काढण्याआधी निदान एकदा दगडाला हात लावून पाहील.

तिसरा विषय असा, की ज्याचे चित्रच नाही. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' हे गुप्त रेडिओ केंद्र २५ नोव्हेंबर १९५५ पासून गोवा मुक्त होईपर्यंत चालले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलात राहून ते चालवले. आधी आंबोली, मग कॅसलरॉकचा परिसर. साप, पाऊस, जळवा, आणि दररोज ठरलेल्या वेळी बोललेच पाहिजे अशी शिस्त. गोवा मुक्त झाल्यावर याच दोघांनी विमानातून ध्वनिक्षेपकावरून ती बातमी लोकांना सांगितली. २०२५ मध्ये लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली, तेव्हा गोव्यातल्याच अनेक तरुणांनी हे नाव पहिल्यांदा ऐकले. हा लघुपट दृश्यांचा नसावाच. काळोखी रान, पावसाचा आवाज, आणि रेडिओच्या खरखरीतून येणारे शब्द. मुलांना कळू दे, की क्रांती दर वेळी घोड्यावरून येत नाही. कधी ती रेडिओच्या पेटीतून येते.

चौथा विषय जिवंत आहे, आणि म्हणून जास्त निकडीचा. आमची खाजने. खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटी सांभाळून नदीकाठी भातशेती करणारी ही व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची आहे. वारसा म्हटला की आपल्याला जुन्या गोव्याच्या चर्चेस आठवतात. त्यांना १९८६ मध्ये युनेस्कोची जागतिक वारशाची मान्यता मिळाली, ते योग्यच झाले. पण भरतीच्या पाण्याने आपणहून मिटणारे आणि ओहोटीला आपणहून उघडणारे ते लाकडी दार, हाही वारसाच आहे. ते दार बसवणारा सुतार, बांध राखणारा गावकरी आज आहे. उद्या असेलच असे नाही. इथे फाळक्यांच्या वाटाण्याची युक्ती करून पाहा. मानशीसमोर कॅमेरा ठेवा आणि एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंतचे पाणी दोन मिनिटांत दाखवा. निवेदकाची गरज लागणार नाही.

आता एक अवघड गोष्ट. गोव्यातल्या वर्गात एकाच बाकावर हिंदू आणि ख्रिस्ती मुले बसतात. १५८३ मध्ये कुंकळ्ळीत जे घडले, त्यात देवळे पाडल्यामुळे संतापलेल्या गावकऱ्यांनी पाच जेझुइट मारले, आणि नंतर बोलणीच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून गावच्या नायकांना पोर्तुगीजांनी ठार केले. ही घटना दोन घरांत दोन प्रकारे सांगितली जाते. दिपवणारा लघुपट यातली एक बाजू उचलेल आणि त्यावर ढोल वाजवील. मग बाकावरची दोन मुले एकमेकांकडे पाहणार नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे विषयच टाळायचा. तोही मला मान्य नाही, कारण शाळेने टाळलेला विषय मोबाईलवर जास्त विखारी होऊन भेटतो. दाखवायचे ते सगळे दाखवा. पुरावा कुठला, कोणी लिहिलेला, लिहिणारा कोणत्या बाजूचा, हेही सांगा. मुले समजतात. मोठ्यांपेक्षा लवकर समजतात.

तेच १९६१ चे. सालाझारचा हुकूम होता शेवटपर्यंत लढायचा. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वा यांनी तो न पाळता १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, आणि पुष्कळ हानी टळली. त्याबद्दल त्यांच्या देशाने १९६३ मध्ये त्यांना सैन्यातून काढून टाकले. १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये राजवट बदलल्यावर त्यांची प्रतिष्ठा त्यांना परत मिळाली. वसाहतवादी सत्तेचा हा प्रतिनिधी होता, आणि त्याने गोव्याचा विध्वंस होऊ दिला नाही, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दोन खऱ्या गोष्टी एकत्र धरून ठेवायची सवय मुलाला लागली, तर त्याची देशभक्ती कमी होत नाही. ती शहाणी होते.

दाखवण्याची पद्धतही ठरवावी लागेल. ब्रिटिश पाथे या संस्थेने २०१४ मध्ये आपल्या ८५ हजार जुन्या फिती लोकांसाठी खुल्या केल्या. त्यात १९६१ च्या गोव्याचीही दृश्ये आहेत. अशी एखादी फीत वर्गात आधी आवाज बंद करून दाखवावी. मुलांना विचारावे, काय दिसले? सैनिक, रस्ता, माणसे. ती हसत आहेत की घाबरलेली आहेत? मग आवाज सुरू करावा. परक्या निवेदकाचा सूर ऐकून तीच दृश्ये वेगळी दिसू लागतात. मग त्याच घटनेचे आपल्याकडचे चित्रण लावावे. तीन खेपांत मूल जे शिकेल, ते तीस पानांत शिकणार नाही. दहा मिनिटे चित्र आणि पंचवीस मिनिटे गप्पा, हे माझ्या मते योग्य प्रमाण. आजकाल नेमके उलटे होते. चित्रफीत लावून शिक्षक वह्या तपासायला बसतात. दोष त्यांचा नाही. पोर्शन संपवायचा असतो, निवडणुकीपासून जनगणनेपर्यंत सगळी कामे त्यांच्याच गळ्यात असतात. पण मग स्मार्ट बोर्डाला शिक्षक समजण्याची चूक तरी करू नये.

'चित्रे दाखवून मुले आळशी होतात, वाचन सुटते' असे म्हणणारे आहेत. त्यांचे सगळेच चूक नाही. लघुपट पाठ्यपुस्तकाच्या जागी आला तर तसे होईलच. तो पाठाच्या आधी आला, भूक चाळवायला आला, तर वाचन वाढते. राय यांचा चित्रपट पाहून कोणी रवींद्रनाथ वाचायचे सोडले असेल, असे मला वाटत नाही.

आणि आता भाषेचा मुद्दा, जो आपल्या वाचकांच्या सर्वांत जवळचा. गोव्यात मूल मराठीतून किंवा कोकणीतून चौथीपर्यंत शिकते आणि पाचवीपासून इंग्रजीत शिरते. म्हणजे खरा इतिहास सुरू होतो तेव्हा त्याची घरची भाषा वर्गाबाहेर राहिलेली असते. मुक्तिलढ्याच्या आठवणी आजीकडे आहेत मराठीत, कोकणीत. परीक्षेतले उत्तर आहे इंग्रजीत. दोघांची गाठ पडत नाही. त्यामुळे आजी सांगते त्या 'गजाली', आणि पुस्तकात असतो तो 'इतिहास', अशी फाळणी मुलाच्या डोक्यात होते. लघुपट ही फाळणी मिटवू शकतो. आजीला तिच्याच शब्दांत, तिच्याच हेलात, पेडण्याची असेल तर पेडण्याच्या आणि काणकोणची असेल तर काणकोणच्या बोलीत बोलू द्या. खाली इंग्रजी अक्षरे येऊ देत. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात पडद्यावरून आपली भाषा पुरावा म्हणून बोलते आहे, हे पाहणाऱ्या मुलाला भाषेच्या अभिमानावर वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही. मराठी की कोकणी, हा आमचा जुना वाद इथे आणू नये. साक्षीदार ज्या भाषेत बोलेल ती त्या लघुपटाची भाषा.

हे करायचे कोणी? सरकारने करावे, हे ओघाने आलेच. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव पणजीत भरतो. जगभरचे चित्रपट मांडवीच्या तीरावर येतात. त्या निमित्ताने येणाऱ्या जाणकारांपैकी दोघा-चौघांना दोन दिवस सत्तरी-सांग्याच्या शाळांत नेले, तर फार मोठा खर्च होणार नाही. पण सरकारची वाट पाहत बसायलाही नको. मुलांना लघुपट दाखवण्यापेक्षा त्यांच्याकडून करवून घेणे जास्त मोलाचे आहे, असे माझे ठाम मत आहे. आठवी-नववीच्या मुलांचे गट करा. प्रत्येक गटाने गावातले एक माणूस निवडायचे. १९५५ मध्ये जो विशीत होता, तो आज नव्वदीत आहे. असे मोजकेच उरले. पण १९६१ मध्ये जे दहा वर्षांचे होते, ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, आणि गावोगावी आहेत. त्यांना 'देशासाठी संदेश द्या' असे म्हणू नका. साधे प्रश्न विचारा. नाकेबंदीच्या दिवसांत घरात काय शिजत होते? हॉलंडचे बटाटे खाल्ले का? बाणस्तारीचा पूल उडवला तेव्हा तुम्ही कुठे होता? घरातल्या एस्कुदोंचे पुढे काय झाले? शाळेतले पुस्तक कधी बदलले, आणि नवी भाषा कोणी शिकवली? ज्यांच्या घरी पोर्तुगीज गेल्याचे दुःख झाले, त्यांनाही विचारा. अशी घरे होती, आणि तीही गोव्यातलीच होती.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. मुलाखत घेण्याआधी त्या माणसाची परवानगी घ्यावी, आणि नाव, गाव, तारीख नोंदवून ठेवावी. आणि दहा मिनिटांचा लघुपट कापून काढला, तरी मूळ तासाभराचे ध्वनिचित्रण फेकू नये. एक प्रत शाळेत, एक सुरक्षित ठिकाणी. १५९५ पासूनची परंपरा सांगणारे दफ्तरखाने ज्या पणजीत आहे, त्या पणजीत अशा चित्रणासाठी एक कपाट मागायला हरकत नसावी. सावेदादांची १९०१ ची ती फीत आज आपल्या हाती नाही. 'राजा हरिश्चंद्र'ही पूर्ण उरलेला नाही. शंभर वर्षांपूर्वी जपायची साधने नव्हती, असे म्हणता येईल. आपल्याला ती सबब नाही.

येत्या १९ डिसेंबरला शाळेत काय दाखवायचे, याची चर्चा शिक्षक-पालक सभेत नेहमीप्रमाणे आदल्या आठवड्यात होईल, आणि कोणीतरी मोबाईलवर शोधून एक चित्रफीत काढील. त्यापेक्षा या वेळी जूनमध्येच ठरवा. सहा महिने हाताशी आहेत. गावातली तीन म्हातारी माणसे, तीन मोबाईल आणि वीस मुले एवढी सामग्री पुरेशी आहे. त्यातून निघेल तो लघुपट थोडा हलेल, आवाज मध्येच पडेल, मागे कोंबडा आरवेल. चालेल. मुलांना तो आपला वाटेल. आणि त्यातल्या प्रत्येक वाक्याला 'कशावरून?' असे कोणी विचारले, तर त्यांना उत्तर देता येईल.